बर्फ पडणार हे नक्की, पण किती? हिमवादळाचा अंदाज बांधणारे हौशी हवामानवेडे आणि न्यूयॉर्कची फसलेली रात्र

२६ जानेवारी २०१५. प्रजासत्ताक दिनाचे प्रमुख पाहुणे म्हणून अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा दिल्लीत होते. त्याच तारखेला रात्री ११ वाजता तिकडे न्यूयॉर्कमध्ये एक अशी गोष्ट घडली, जी त्या शहरात आधी कधीच झाली नव्हती. बर्फ पडणार म्हणून सबवे, म्हणजे तिथली भुयारी रेल्वे, बंद करण्यात आली.

१९०४ साली सुरू झालेली ही रेल्वे निव्वळ बर्फाच्या भीतीने पूर्ण बंद ठेवायची ही पहिलीच वेळ होती. खासगी गाड्या रस्त्यावर आणायला बंदी घातली गेली. हजारो विमानं रद्द झाली. शाळांना सुट्टी मिळाली. कारण सरकारी हवामान सेवेचा अंदाज होता २० ते ३० इंच बर्फाचा, म्हणजे अर्धा ते पाऊण मीटर. सेंट्रल पार्कमधला तोपर्यंतचा विक्रम २६.९ इंचांचा होता आणि तो मोडेल अशी चिन्हं दिसत होती.

सकाळी लोकांनी खिडक्या उघडल्या. सेंट्रल पार्कमध्ये बर्फ पडला होता ९.८ इंच.

त्या रात्री कार्यालयातले हवामानतज्ज्ञ तर जागे होतेच, पण त्यांच्यासोबत आणखी हजारो लोक जागे होते. त्यांना कुणी पगार देत नव्हतं. कुणी विद्यार्थी, कुणी शिक्षक, कुणी बर्फ उपसायचा ट्रक चालवणारा. हे लोक स्वतःच्या हौसेपोटी हिमवादळाचा माग काढतात, नकाशे वाचतात आणि अंदाज बांधतात. हे करतात कसं? सरकारी तज्ज्ञांनाही चकवणारं वादळ त्यांना कळतं का? आणि त्यांच्या या छंदातून आपल्यासारख्या पाऊसवाल्या लोकांनी काय शिकावं?

हा छंद आहे पावणेतीनशे वर्षांचा

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या या वादळांचं पहिलं मोठं कोडं एका हौशी माणसानेच सोडवलं होतं. त्याचं नाव बेंजामिन फ्रँकलिन.

१७४३ साली एका संध्याकाळी फिलाडेल्फियात चंद्रग्रहण दिसणार होतं. फ्रँकलिन वाट बघत बसला आणि नेमकं वादळ आलं. आकाश झाकलं गेलं. वारा ईशान्येकडून वाहत होता. बोस्टन हे शहर फिलाडेल्फियाच्या ईशान्येला, त्यामुळे वादळ आधी तिकडेच झालं असणार असं त्याने धरून चाललं. पण बोस्टनला राहणाऱ्या भावाशी पत्रव्यवहार झाल्यावर कळलं की तिथे ग्रहण अगदी स्वच्छ दिसलं होतं. वादळ तिथे नंतर पोचलं.

वारा ईशान्येकडून येत होता, पण वादळ मात्र नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे सरकत होतं. वाऱ्याची दिशा आणि वादळाची वाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे असं लक्षात आलं. या वादळांना तिकडे आजही वाऱ्याच्या दिशेवरूनच ‘नॉरईस्टर’ म्हणतात.

नॉरईस्टर तयार कसं होतं?

या वादळाला तीन गोष्टी लागतात.

पहिली, कॅनडाकडून खाली उतरणारी कोरडी, थंड हवा. दुसरी, समुद्रातली ऊब. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला लागून गल्फ स्ट्रीम हा उबदार सागरी प्रवाह वाहतो, त्यामुळे ऐन हिवाळ्यातही किनाऱ्यापासून थोडं आत गेलं की पाणी बरंच उबदार असतं. तिसरी, आकाशात आठ-दहा किलोमीटर उंचीवर वाहणाऱ्या जेट स्ट्रीमला पडलेला बाक. हा बाक वरून हवा ओढून घेतो आणि खाली समुद्रावर कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं.

एका बाजूला बर्फाळ हवा, दुसऱ्या बाजूला ऊब आणि बाष्प. दोन्हींमधला फरक जितका मोठा, तितकं वादळ जोरदार. कधीकधी केंद्रातला दाब २४ तासांत २४ मिलिबार किंवा त्याहून जास्त घसरतो. त्याला ‘बॉम्ब’ म्हणतात. हा शब्द बातमीदारांनी काढलेला नाही, हवामानशास्त्रातच तो वापरतात.

हे वादळ घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं आणि किनाऱ्याला समांतर वर सरकतं. सगळा खेळ इथेच आहे. वादळ किनाऱ्याच्या फार जवळून गेलं, तर समुद्राची ऊब आत घुसते आणि न्यूयॉर्कला बर्फाऐवजी पाऊस पडतो. फार लांबून गेलं, तर शहर कोरडंच राहतं. मधल्या अरुंद वाटेने गेलं, तर मात्र शहर गाडलं जातं.

म्हणूनच इथल्या हवामानवेड्यांना समुद्रातला एक बिंदू तोंडपाठ असतो: ४० अंश उत्तर, ७० अंश पश्चिम. नँटकेट बेटाच्या दक्षिणेला असलेल्या या जागेला ते ‘बेंचमार्क’ म्हणतात. या बिंदूच्या आसपासून गेलेली वादळं मोठा बर्फ देतात, असा आजवरचा अनुभव. वादळ त्याच्या आतून जाणार की बाहेरून, यावर आठवडाभर वाद घातला जातो.

रात्री साडेदहा आणि रात्री एक

आता प्रश्न असा की या लोकांना आठवडाभर आधी कळतं कुठून? उत्तर आहे संगणकातली मॉडेल.

मॉडेल म्हणजे वातावरणाची गणिती प्रतिकृती. पृथ्वीभोवतीची हवा छोट्या छोट्या चौकटींत वाटायची. उपग्रह, विमानं, जहाजं आणि आकाशात सोडलेले फुगे यांच्याकडून आलेली निरीक्षणं त्यात भरायची. मग भौतिकशास्त्राच्या समीकरणांनी पुढच्या काही मिनिटांत काय होईल ते काढायचं, त्यावरून त्यापुढच्या काही मिनिटांचं. असं करत करत दहा-पंधरा दिवसांपर्यंत जायचं.

यातली दोन नावं सतत कानावर पडतात. एक अमेरिकेच्या सरकारी हवामान यंत्रणेचं ‘जीएफएस’. हे दिवसातून चार वेळा चालतं आणि त्याची माहिती जगात कुणालाही फुकट मिळते. दुसरं ‘युरो’, म्हणजे १९७५ मध्ये स्थापन झालेल्या आणि इंग्लंडमधल्या रेडिंग गावी मुख्यालय असलेल्या युरोपीय केंद्राचं मॉडेल.

हिवाळ्यात न्यूयॉर्कच्या घड्याळाप्रमाणे जीएफएसचे रात्रीचे नकाशे साडेदहाच्या सुमारास यायला लागतात. युरोचे नकाशे एकच्या आसपास. उद्या सकाळी कामावर जायचं असलं तरी हवामानवेडा माणूस एकपर्यंत जागतोच. परीक्षेचा निकाल लागावा तसे एकेक नकाशे उघडत जातात. वादळ कालच्यापेक्षा पन्नास किलोमीटर पश्चिमेला आलं की आनंदीआनंद, पूर्वेला सरकलं की सुतक.

मॉडेलचं मोठं दुबळेपण काय आहे, हे शोधून काढणारा माणूसही याच किनाऱ्यावर काम करत होता. बोस्टनला लागूनच असलेल्या एमआयटी संस्थेत १९६१ साली एडवर्ड लॉरेन्झ संगणकावर हवामानाचं एक सोपं गणित चालवत होते. एक आकडा त्यांनी ०.५०६१२७ असा पूर्ण न भरता ०.५०६ एवढाच भरला. थोड्याच वेळात गणिताचं उत्तर पूर्ण वेगळ्या दिशेला गेलं. सुरुवातीच्या माहितीतली नगण्य वाटणारी चूक पुढे वाढत जाऊन सगळं चित्र पालटते, हे यातून कळलं.

म्हणून आज एकच मॉडेल एकदाच चालवत नाहीत. सुरुवातीच्या माहितीत मुद्दाम बारीक फरक करून तेच मॉडेल अनेक वेळा चालवतात. युरोपीय केंद्र अशा ५० पेक्षा जास्त आवृत्त्या एकाच वेळी चालवतं. याला ‘एन्सेंबल’ म्हणतात. पन्नासपैकी पंचेचाळीस आवृत्त्या एकच वाट दाखवत असतील तर विश्वास ठेवायला हरकत नाही. वीस एकीकडे आणि तीस दुसरीकडे असतील, तर समजायचं की अजून काहीच ठरलेलं नाही.

सात दिवस आधीपासून शेवटच्या तासापर्यंत

मुरलेला हवामानवेडा वादळ जवळ येत जाईल तसे आपले प्रश्न बदलत जातो.

सात दिवस आधी: वादळ होऊ शकतं का, एवढाच प्रश्न. उद्या नकाशावरून वादळ गायब झालं तरी तो हताश होत नाही. या टप्प्यावर इंचांची भाषा करणं हास्यास्पद मानलं जातं.

चार-पाच दिवस आधी: वेगवेगळी मॉडेल एकमेकांशी जुळायला लागली का? कॅनडावर थंड हवा टिकून राहणार का? थंडीच नसेल तर कितीही मोठं वादळ आलं तरी पाऊसच पडणार.

दोन-तीन दिवस आधी: वादळाला जन्म देणारा आकाशातला बाक पॅसिफिक महासागरावरून अमेरिकेच्या जमिनीवर आला का? हा टप्पा फार महत्त्वाचा. समुद्रावर निरीक्षणाचे फुगे फारसे नसतात. जमिनीवर मात्र ठरावीक ठिकाणांहून रोज दोन वेळा फुगे सोडले जातात, त्यामुळे मॉडेलला पक्की माहिती मिळते. नकाशे याच सुमारास एकदम बदलू शकतात.

एक दिवस आधी: पाऊस आणि बर्फ यांच्यामधली रेषा कुठून जाणार? जमिनीवर शून्य अंश तापमान असलं म्हणजे बर्फ पडेलच असं नाही. दीड किलोमीटर उंचीवर उबदार हवेचा एक थर आला, तर वरचा बर्फ वाटेतच वितळतो.

वादळाच्या दिवशी: मॉडेल बाजूला ठेवायचं आणि रडार बघायचं. बर्फाचे जोरदार पट्टे अवघे काही किलोमीटर रुंद असतात. पट्ट्याखाली असलेल्या गावात तासाला दोन-तीन इंच बर्फ पडतो आणि शेजारच्या गावात नुसती भुरभुर.

या सगळ्यासोबत ते आणखी एक गोष्ट वाचतात. अमेरिकेतलं प्रत्येक सरकारी हवामान कार्यालय अंदाजाबरोबर एक टिपण प्रसिद्ध करतं. आम्ही हा आकडा का दिला, कोणत्या मॉडेलवर विश्वास ठेवला, कुठे शंका आहे, हे तज्ज्ञ त्यात लिहितात. जाणकार हौशी लोक इंचांच्या नकाशाआधी हे टिपण उघडतात.

या जगाची स्वतःची भाषा

कुठल्याही छंदाला असते तशी या छंदालाही बोली आहे.

‘विशकास्टिंग’ म्हणजे आपल्याला जे हवं तेच अंदाजात दिसणं. बर्फवेड्या माणसाला बर्फ हवाच असतो. त्यामुळे पाच नकाशांपैकी चार कोरडे आणि एक पांढरा असेल, तर त्याला पांढराच खरा वाटतो.

‘क्लाउन मॅप’, म्हणजे विदूषकी नकाशा. आठ दिवसांनी तुमच्या गावात ३२ इंच पडणार असं सांगणारा रंगीत नकाशा. असे बरेच नकाशे एक इंच पाण्याचा सरसकट दहा इंच बर्फ होतो असं गृहीत धरतात. प्रत्यक्षात ओल्या, जड बर्फात हे प्रमाण पाचपर्यंत खाली येतं आणि कडक थंडीतल्या हलक्या बर्फात पंधरा-वीसपर्यंत वर जातं. काही नकाशे तर गारठलेल्या पावसाचे खडेही बर्फातच मोजतात.

‘बस्ट’ म्हणजे फसलेला अंदाज. आणि ‘वीनी’ म्हणजे बर्फासाठी वेडा झालेला माणूस. हा शब्द चिडवायला वापरतात, पण बरेच जण तो स्वतःच मिरवतात.

ही हौस मोठमोठ्यांना सुटलेली नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये टीव्हीवरचे प्रसिद्ध हवामान वार्ताहर जिम कँटोरी मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथ गावी हिमवादळात उभे होते. बर्फ पडत असतानाच विजा कडाडल्या. ही घटना दुर्मीळ. कॅमेऱ्यासमोर ते लहान मुलासारखे उड्या मारत ओरडले आणि ते दृश्य जगभर गाजलं.

मग २०१५ मध्ये चुकलं कुठे?

हे समजायला आधी २०१२ मध्ये जावं लागतं. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये सँडी हे चक्रीवादळ अटलांटिकमध्ये होतं. युरो मॉडेलने जवळपास आठवडाभर आधी सांगितलं की ते वळून अमेरिकेच्या किनाऱ्यावर आदळेल. जीएफएस मात्र त्याला समुद्रात लांब नेत होतं. सँडी न्यू जर्सीवर आदळलं. त्यानंतर हवामानवेड्यांमध्ये युरोचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य झालं.

अमेरिकेने या अपमानानंतर महासंगणकांवर पैसा ओतला. १४ जानेवारी २०१५ ला जीएफएसची सुधारलेली आवृत्ती सुरू झाली. तिच्या चौकटी आधीपेक्षा बारीक, साधारण १३ किलोमीटरच्या होत्या. आणि दोनच आठवड्यांत तिची परीक्षा आली. एका खासगी वाहिनीने या वादळाला ‘जूनो’ नाव दिलं. सरकारी हवामान सेवा हिवाळी वादळांना नावं देत नाही, पण लोकांच्या तोंडी हेच नाव राहिलं.

युरो मॉडेल न्यूयॉर्क शहरावर प्रचंड बर्फ दाखवत होतं. अमेरिकेचं ‘नॅम’ हे आणखी एक मॉडेलही त्याच्याच बाजूने होतं. नवं जीएफएस म्हणत होतं की मुख्य बर्फ शहराच्या पूर्वेला पडेल. सरकारी तज्ज्ञांचा कल युरोकडे झुकला. ज्या मॉडेलने सँडी बरोबर सांगितलं त्यावर विश्वास ठेवणं चुकीचं वाटण्याचं काही कारण नव्हतं. हौशी मंडळींमध्येही बहुतेकांना तेच हवं होतं, कारण त्यात बर्फ जास्त होता.

वादळ आलं, पण अपेक्षेपेक्षा शंभरेक किलोमीटर पूर्वेकडून गेलं. एवढ्या मोठ्या वादळासाठी हे अंतर किरकोळ. पण परिणाम बघा.

सेंट्रल पार्क: ९.८ इंच. तिथून साधारण मुंबई ते खोपोली एवढ्या अंतरावरचं, लाँग आयलंडवरचं आइस्लिप: २४.९ इंच. बोस्टन: २४.६ इंच. मॅसॅच्युसेट्समधलं वूस्टर: ३४.५ इंच, त्या शहराचा विक्रम.

म्हणजे वादळाचा अंदाज चुकलाच नव्हता. ते आलं, प्रचंड होतं आणि लाखो लोकांच्या दारात ते सांगितल्याप्रमाणेच कोसळलं. चुकली ती त्याची पश्चिमेकडची कड. आणि नेमक्या त्या कडेवर ८० लाखांहून जास्त वस्तीचं शहर होतं.

न्यू जर्सीतल्या माउंट हॉली इथल्या सरकारी हवामान कार्यालयाकडे फिलाडेल्फिया आणि न्यू जर्सीचा बराच भाग येतो. तिथेही अंदाजाच्या मानाने फारच कमी बर्फ पडला. कार्यालयाचे प्रमुख गॅरी झॅटकोव्स्की यांनी ट्विटरवर जाहीर माफी मागितली. अंदाजावर विसंबून लोकांनी आणि अधिकाऱ्यांनी अवघड निर्णय घेतले आणि आमचं चुकलं, असं त्यांनी सरळ कबूल केलं.

हवामान सेवेचे संचालक लुई युसेलिनी यांचंही म्हणणं महत्त्वाचं होतं. ईशान्येकडच्या हिमवादळांवरच्या प्रमाणग्रंथाचे ते सहलेखक. त्यांच्या मते अंदाजामागची अनिश्चितता लोकांपर्यंत नीट पोचवण्यात यंत्रणा कमी पडली.

यात एक विचित्र योगायोगही आहे. न्यूयॉर्कला भुयारी रेल्वे हवी, ही मागणी जोर धरण्यामागे मार्च १८८८ चं भीषण हिमवादळ हे एक मोठं कारण होतं. त्या वादळात रस्त्यावरची वाहतूक ठप्प झाली आणि वादळाने एकूण ४०० च्या आसपास बळी घेतले. बर्फात अडकू नये म्हणून जमिनीखाली नेलेली रेल्वे १२७ वर्षांनी बर्फाच्या नुसत्या अंदाजाने बंद झाली.

एका वर्षाने उलटा फटका

जानेवारी २०१६ मध्ये पुन्हा मोठं वादळ आलं. वॉशिंग्टन आणि बाल्टिमोरच्या भागात ते येणार हे जवळपास आठवडाभर आधीपासून दिसत होतं आणि मॉडेल एकमेकांशी जुळतही होती. न्यूयॉर्क या वेळी वादळाच्या उत्तरेकडच्या कडेवर होतं, त्यामुळे शहराचा अंदाज बेताचा ठेवला होता.

२३ जानेवारीला सकाळी बर्फाचा जोर पाहून तो अंदाज घाईघाईने वाढवावा लागला. शेवटी सेंट्रल पार्कमध्ये २७.५ इंच पडला. जो विक्रम २०१५ मध्ये मोडणार होता, तो २०१६ मध्ये मोडला.

दोन्ही वेळा शहर कडेवर होतं. एकदा अंदाज जास्त निघाला, एकदा कमी. कडेवरच्या शहराला एकच आकडा सांगणं म्हणजे नाणं उडवण्याआधीच छाप जाहीर करण्यासारखं आहे.

किती पडला हे मोजणंही सोपं नाही

अंदाज बरोबर की चूक हे ठरवायला आधी बर्फ मोजावा लागतो. इथेही हौशी लोक कामी येतात. अमेरिकेत स्वयंसेवकांनी रोजचं हवामान नोंदवण्याची सरकारी योजना १८९० पासून चालू आहे. १९९८ मध्ये कोलोरॅडोतून सुरू झालेल्या ‘कोकोराज’ या जाळ्यात हजारो सामान्य लोक घराच्या अंगणातला पाऊस, गारा आणि बर्फ मोजून कळवतात.

पद्धत साधी आहे. पांढरी रंगवलेली एक फळी मोकळ्या जागेत ठेवायची. त्यावरचा बर्फ इंचाच्या दहाव्या भागापर्यंत मोजायचा आणि फळी पुसून पुन्हा ठेवायची. पण हे सहा तासांच्या आत करायचं नाही. कारण बर्फ स्वतःच्या वजनाने दबतो. दर तासाला मोजून बेरीज केली तर आकडा फुगतो.

२०१६ च्या वादळात वॉशिंग्टनच्या विमानतळावर ही मोजायची फळीच बर्फाखाली हरवली. तिथला १७.८ इंचांचा आकडा बरोबर का, यावरून मोठा वाद झाला आणि हवामान सेवेला चौकशी समिती नेमावी लागली. आकडा कायम राहिला. त्याच चौकशीत सेंट्रल पार्कचा आकडा २६.८ वरून २७.५ झाला, आणि न्यूअर्क विमानतळाचा आकडा मात्र बाद ठरला.

सुट्टीपुरता प्रश्न नाही

‘अंदाज चुकला तर काय झालं, एक दिवस घरी बसलो’ असं वाटू शकतं. पण घरी बसण्याचीही किंमत असते. रोजंदारीवर काम करणाऱ्याचा पगार बुडतो. आणि त्याहून वाईट म्हणजे पुढच्या वेळी लोक ऐकत नाहीत.

उलट बाजूही बघायला हवी. २८ जानेवारी २०१४ ला अटलांटा शहरात जेमतेम अडीच इंच बर्फ पडला. बर्फाची सवय नसलेलं शहर. सगळे एकाच वेळी घरी निघाले आणि रस्ते गोठले. हजारो लोकांनी रात्र गाडीत काढली, मुलं शाळेतच झोपली. न्यूयॉर्कने पुढच्या वर्षी इतकी सावधगिरी का घेतली असेल, हे यावरून समजू शकतं.

आणि डिसेंबर २०२२ मध्ये बफेलो शहरात तर अंदाज बरोबर होता. भयंकर वादळाचा इशारा काही दिवस आधीच दिला गेला होता. तरीही शहर आणि आसपासच्या भागात चाळीसहून अधिक लोक मेले. काही गाडीत अडकून, काही घरातली ऊब बंद पडून. वाहतूकबंदी लागू झाली तेव्हा बरेच लोक कामावर निघून गेले होते. नुसता बरोबर आकडा पुरत नाही. तो वेळेत निर्णयापर्यंत पोचावा लागतो.

आपण यातून काय घ्यायचं?

न्यू जर्सी-न्यूयॉर्कच्या पट्ट्यात मराठी कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात, त्यामुळे असे बर्फाचे नकाशे आपल्या फॅमिली ग्रुपवरही येऊन पडतात. पण कडेवर असण्याचा अनुभव आपल्याला बर्फाशिवायही आहे.

२६ जुलै २००५ आठवा. त्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच मुंबईत, त्याच दिवशी कुलाब्याला झाला सुमारे ७३ मिलिमीटर. एकच शहर, दोन वेगळी जगं. त्या दिवशी ‘मुंबईत किती पाऊस पडेल’ या प्रश्नाला एक आकडा हे उत्तरच होऊ शकत नव्हतं.

अमेरिकन हवामान सेवा आता बर्फाचा अंदाज तीन आकड्यांत मांडते: किमान इतका तरी, बहुधा इतका, आणि फारच झाला तर इतका. एआय वापरणारी नवी मॉडेलही आली आहेत. युरोपीय केंद्राने २०२५ मध्ये असं एक मॉडेल नियमित वापरात आणलं. पण सुरुवातीच्या माहितीतली चूक पुढे वाढत जाते, हा लॉरेन्झचा धडा त्यांनाही लागू आहे.

म्हणून मोबाइलवर पुढच्या वेळी वादळाचा रंगीबेरंगी नकाशा आला, मग तो बर्फाचा असो की पावसाचा, तर फॉरवर्ड करण्याआधी चार गोष्टी बघा.

१. नकाशा कोणत्या तारखेचा आणि किती वाजताचा आहे? सकाळचा नकाशा रात्री शिळा झालेला असतो.

२. घटना किती दिवसांनी आहे? पाच दिवसांपलीकडचा इंच किंवा मिलिमीटरचा आकडा करमणूक म्हणून बघावा.

३. हे एकाच मॉडेलचं म्हणणं आहे की अनेकांचं? नकाशात सर्वात भडक रंग आहे म्हणून तो सर्वात खरा ठरत नाही.

४. तुमचं गाव वादळाच्या मध्यावर आहे की कडेवर? कडेवर असाल, तर दोन्ही शक्यतांची तयारी ठेवा आणि सरकारी इशाऱ्याकडे लक्ष द्या.

चांगला हवामानवेडा शेवटी हेच करतो. मनातून त्याला बर्फ हवाच असतो. वादळाच्या रात्री तो दर दहा मिनिटांनी पडदा सरकवून रस्त्यावरच्या दिव्याकडे बघतो, कारण त्या उजेडात पहिली भुरभुर दिसते. पण शेजाऱ्याने ‘उद्या गाडी काढू का?’ असं विचारलं, की आपली इच्छा बाजूला ठेवून तो सांगतो, “दहा इंच तरी पडेल, वीसही पडू शकतो. पश्चिमेला सरकलं तर अवघड आहे. गाडी नकोच काढू.”